टाकळा : पावसाळ्यातील एक बहुगुणी वनस्पती

जीवक तक्षशिलेस वैद्यक शिकत असता आचार्यांनी त्यास कुदळ देऊन सांगितले की, नगराभोवती योजनभर फिर आणि औषधी नसेल अशी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. महावग्गातील ही कथा आपणांस ठाऊक आहेच. हाच शोध ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात घेतला, तर पहिल्या पावसानंतर प्रथम टाकळाच हाती लागेल. रुळांच्या कडेला, पडीक जागेत, चाळीच्या मागे तो आपोआप उगवतो.

फुले येण्यापूर्वीचा कोवळा पाला खुडून कांदा, लसूण, मिरची व ओले खोबरे घालून भाजी करतात. कोकणात फणसाच्या आठळ्याही घालतात. आदिवासी भगिनी स्टेशनबाहेर त्याचे वाटे लावून बसतात. गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडू नये. गटाराकाठचा पाला मात्र घेऊ नये.

संस्कृतात यास चक्रमर्द व दद्रुघ्न म्हणतात. दद्रू म्हणजे गजकर्ण. त्यावर टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात वाटून लावण्याची रीत आहे. बियांतील क्रायसोफॅनॉल हे द्रव्य बुरशीस रोखते. चट्टे पसरत असतील तर घरगुती लेपावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.

निळा रंग आपल्या जिव्हाळ्याचा. त्याच्याशीही टाकळ्याचा संबंध आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगारी रांजणात चुन्याबरोबर टाकळ्याचे शिजवलेले बी घालून मिश्रण आंबवीत. मग नीळ विरघळे. बुडवलेले कापड बाहेर काढताना हिरवट-पिवळे दिसे आणि हवा लागताच निळे होई.

आता महत्त्वाचे. टाकळ्याशेजारीच त्याचा भाऊबंद कासविंदा उगवतो. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. खेळताना खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया हे त्याचे कारण असल्याचे डॉक्टरांनी 2007 साली दाखवून दिले. विद्यार्थ्यांनी दोन्ही झाडे शेजारी ठेवून पाहावीत. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या असतात. पर्णिका टोकाशी रुंद व गोलसर, शेंग बारीक आणि वाकडी. कासविंद्यात चार-पाच जोड्या, पर्णिका टोकदार, शेंग चपटी. शेंगा धरल्या की दोन्हींपासून मुलांना दूर ठेवावे. मुलाने बिया खाल्ल्याचे कळल्यास उलटीची वाट न पाहता, झाडाची फांदी सोबत घेऊन थेट इस्पितळ गाठावे.