उंदरांची भीती कशी मोजतात?

वनौषधीने चिंता कमी होते का, हे प्राण्यांवर पडताळण्यासाठी ‘एलिव्हेटेड प्लस मेझ’ हे साधन सर्रास वापरतात. जमिनीपासून सुमारे 50 सेंटिमीटर उंचीवर बेरजेच्या चिन्हाच्या आकाराचा मंच असतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन भुजांना भिंती असतात, उरलेल्या दोन उघड्या असतात. उंदीर उघड्यावर जायला कचरतो. म्हणून 5 मिनिटांत तो उघड्या भुजांवर किती वेळा गेला आणि किती वेळ थांबला, याची नोंद होते. औषध न दिलेल्या गटापेक्षा हे आकडे वाढले, तर भीती कमी झाली असे मानतात. एकूण हालचालही मोजतात, कारण औषधाने नुसती गुंगी किंवा उत्तेजना आली तर निष्कर्ष फसवा ठरतो.

बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी 2000 साली अश्वगंधेच्या मुळांतील ग्लायकोविथॅनोलाइड घटकांची अशी चाचणी प्रसिद्ध केली. किलो वजनामागे 20 किंवा 50 मिलिग्रॅमची मात्रा रोज एकदा, 5 दिवस तोंडावाटे दिल्यावर दिसलेला परिणाम लोराझेपाम या प्रचलित औषधाशी मिळताजुळता होता. माणसांतील उपयोग ठरवण्यासाठी मात्र स्वतंत्र वैद्यकीय चाचण्या लागतात.