इंजिन बंद पडतं, दोष गिअरचा

अमेरिकेतल्या तळ्यांवर उन्हाळाभर मोटारबोटी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला एक तक्रार तोंडपाठ असते : बोट धक्क्याला लावताना गिअर न्यूट्रलला आणला की इंजिन बंद पडतं. नेमकी अडचण यायची तीही अशा जागी, की बोट धक्क्यावर आपटायला हातभरच उरलेला. मालकाचा पहिला संशय कार्ब्युरेटरवर. मग प्लग बदलून होतात, पेट्रोलचा फिल्टर बदलून होतो, आयडल वाढवून होतं. बहुतेक वेळा इंजिन बिचारं निर्दोष असतं.

या बोटींना स्टर्नड्राइव्ह असतो. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींच्या मागे जे टांगलेलं दिसतं ते आउटबोर्ड. त्यात इंजिनासकट सगळा कारभार बाहेर. स्टर्नड्राइव्हमध्ये मोटारगाडीच्या जातीचं इंजिन बोटीच्या पोटात बसतं आणि गिअर व प्रोपेलर मागच्या फळीबाहेर पाण्यात असतात. ही मांडणी यशस्वी करून दाखवली ती जिम विन या अमेरिकन इंजिनिअरनं. तो आधी मर्क्युरी या आउटबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत होता, पण त्याची कल्पना उचलली स्वीडनच्या व्होल्वो पेंटानं. 1959च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ आला. मर्क्युरीनं 1961मध्ये ‘मर्क्रूझर’ आणून उत्तर दिलं, आणि पुढे अमेरिकेचा बाजार तिनंच व्यापला. वर सांगितलेली तक्रार येते ती मुख्यतः तिच्या ‘अल्फा वन’ ड्राइव्हची.

अल्फात गाडीसारखा घर्षणाचा क्लच नाही. प्रोपेलरच्या शाफ्टवर समोरासमोर दोन गिअर असतात, एक फॉरवर्डचा, एक रिव्हर्सचा. इंजिन चालू असेतोवर दोन्ही उलटसुलट दिशांनी फिरतच असतात. त्यांच्यामध्ये एक दातेरी कडं सरकतं, त्याला डॉग क्लच म्हणतात. ज्या गिअरच्या दात्यांत ते अडकेल त्या बाजूनं प्रोपेलर फिरतो. अडकायला सोपं, सुटायला अवघड. कारण प्रोपेलर पाणी रेटत असताना दाते एकमेकांना घट्ट दाबून धरतात. मग ते सोडवायचे कसे? इंजिनाची ठिणगीच क्षणभर तोडायची.

हे काम इंजिनाला लागून बसवलेल्या शिफ्ट प्लेटवर होतं. त्या पट्टीवरच्या एका लिव्हरला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच असते आणि एका छोट्या स्विचचा रोलर त्या खाचेच्या तळाशी विसावलेला असतो. गिअर काढताना दाते सुटत नाहीत, केबलवर ताण येतो, लिव्हर कलते, रोलर खाचेच्या उतारावर चढतो आणि स्विच इग्निशन तोडतो. इंजिन एकदा अडखळतं, दात्यांवरचा दाब सुटतो, कडं सरकतं, ताण जाताच लिव्हर जागेवर येते आणि इंजिन पुन्हा धरतं. ठीक चालणाऱ्या बोटीत हे इतक्या झटक्यात होतं की शेजारी बसलेल्याला एक बारीकशी उचकी तेवढी ऐकू येते. एका साध्या स्विचनं अख्ख्या क्लचचा खर्च वाचवणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं, पण या हुशारीची किंमत पुढे केबल वसूल करते.

शिफ्ट प्लेटवरून ड्राइव्हकडे जाणारी ही केबल, लोअर शिफ्ट केबल, मागच्या फळीतून, रबरी बेलोजमधून पाण्याच्या बाजूला जाते. बेलोजला चीर पडली किंवा केबलचं वरचं आवरण तडकलं, की पाणी आत शिरतं आणि आतली तार गंजून जड होते. आता ताण दात्यांचा की गंजाचा हे स्विचला काय कळणार? लिव्हर कलते ती कललेलीच राहते, ठिणगी तुटलेलीच राहते, इंजिन मरतं. मालकानं आयडल वाढवलेलं असेल तर दुखणं वाढतंच : दात्यांवरचा दाब जास्त, शिवाय गिअर टाकताना खडाड्‌ आवाज.

म्हणून जाणता मेकॅनिक सुरुवात चालकाच्या लिव्हरपासून ड्राइव्हपर्यंतच्या साखळीच्या मधोमध, शिफ्ट प्लेटवर करतो. इग्निशनची किल्ली काढून खिशात घालायची. शिफ्ट प्लेटवरून पुढच्या, म्हणजे चालकाच्या लिव्हरकडून येणाऱ्या केबलचं टोक सोडायचं आणि ती लिव्हर हलवून बघायची. जड लागली तर दोष पुढे, कंट्रोल बॉक्समध्ये किंवा त्या केबलमध्ये. हलकी असेल तर मागची बाजू हातानं ढकलायची, आणि तेव्हा दुसऱ्यानं प्रोपेलर सावकाश फिरवत राहायचा, नाहीतर दात्यावर दाता अडून उगाच शंका येते. इथे जड लागलं तर ड्राइव्ह उतरवायचा आणि नुसती केबल ओढून बघायची. तरीही जडच असेल तर केबल गेली. हलकी झाली तर ड्राइव्हमधला शिफ्ट शाफ्ट तपासायचा. केबलला तेल पाजून वेळ मारून नेणारे भेटतात, पण गंजलेली तार तेलानं सुधारत नाही.

स्विचची वायर काढून टाकणं हा आणखी एक उद्योग. चाचणीपुरतं ते योग्यच. वायर काढल्यावर इंजिन बंद पडायचं थांबलं तर इंजिनावरचा आळ संपला. पण काही मालक तशीच बोट चालवत राहतात. मग दाते जोर लावून ओरबाडून सोडवावे लागतात आणि त्यांच्या कडा गोल होतात. हळूहळू, जपून गिअर टाकणाऱ्यांच्या हातूनही हेच होतं. अल्फाचा गिअर एका ठाम झटक्यात टाकायचा असतो. कडा गोल झाल्या, की थ्रॉटल देताच गिअर निसटतो, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला लोखंडाचे कण चिकटलेले सापडतात. तिथून पुढचं बिल केबलचं नसतं, गिअरपेटीचं असतं.

मर्क्युरीच्याच मोठ्या ‘ब्राव्हो’ ड्राइव्हमध्ये वरच्या भागात शंकूच्या आकाराचा क्लच असतो, त्यामुळे स्विचची ही भानगडच नाही. त्याची दुखणी वेगळी. शंकू गुळगुळीत झाला की तो घसरतो.

नवी केबल घातल्यावर शिफ्ट प्लेटकडची तिची लांबी मॅन्युअलप्रमाणे लावावी लागते, अंदाजपंचे नाही. आणि पाइपाचं पाणी जोडून ट्रेलरवर घेतलेल्या चाचणीवर विसंबून चालत नाही. हवेत फिरणाऱ्या प्रोपेलरवर भार नसतो, दाते आपसूक सुटतात आणि स्विचची पाळीच येत नाही. बोट पाण्यात उतरवून, धक्क्याला दोरांनी पक्की बांधून, दहा-वीस वेळा गिअर टाकून-काढून बघितल्यावरच मेकॅनिकनं पैसे मागावेत.