पातळ लॅपटॉप घ्यावा का? हलक्या वजनाचा जमाखर्च

जबलपूरहून तुमचा कर्नल बोलतोय. आजचा विषय माझ्या धाकट्या बहिणीने दिला. तिची नात नागपूरहून पुण्याला इंजिनिअरिंगला निघाली आहे. बहिणीचा फोन आला, "दादा, तुझ्यासारखाच तो पातळ लॅपटॉप तिला घेऊन देऊ का? दिसायला किती छान आहे!" मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांब." मी स्वतः असं यंत्र चार वर्षं वापरलंय. त्याने मला पुष्कळ दिलं, आणि एक गोष्ट अशी नेली की ती परत येणार नाही. दोन्ही बाजू सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आधी थोडा इतिहास

पातळ लॅपटॉप पूर्वीही निघाले होते, पण जगाचं लक्ष वेधलं ते जानेवारी २००८ मध्ये. स्टीव्ह जॉब्ज यांनी मंचावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो आणि सर्वांत जाड भागी जेमतेम १.९४ सेंटिमीटर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यात सीडी घालायची सोय नव्हती, नेटवर्कची तार लावायची जागा नव्हती आणि यूएसबीची खाच एकच होती. पातळपणासाठी काय काय सोडावं लागतं, याची यादी त्या पहिल्याच दिवशी समोर आली होती. २०११ मध्ये इंटेलने "अल्ट्राबुक" हे नाव रूढ केलं आणि सगळ्याच कंपन्या या शर्यतीत उतरल्या.

जमेची बाजू

फौजेत पहिला धडा पिठ्ठूचा. पाठीवरचा प्रत्येक किलो दहा किलोमीटरनंतर दोन किलोचा वाटतो. माझा जुना लॅपटॉप चार्जरसकट तीन किलोच्या वर जायचा. आता साठी उलटली, कंबर तक्रार करते. नवा मिळाला तो सव्वा किलोच्या आतला. दर नोव्हेंबरमध्ये आम्ही काही निवृत्त मंडळी जिल्ह्यातल्या गावांत जातो आणि म्हाताऱ्या माजी सैनिकांचे, वीरपत्नींचे हयातीचे दाखले ऑनलाइन भरून देतो. दाखला गेला नाही तर पेन्शन अडकते. अशा फिरतीत हलकं यंत्र म्हणजे वरदान.

दुसरा गुण, बॅटरी. या यंत्रांत कमी वीज खाणारे प्रोसेसर असतात. त्यामुळे बॅटरी लहान असूनही साधं काम दिवसभर निघतं. गावात वीज गेली तरी आमचं काम थांबलं नाही. चार्जिंग यूएसबी-सीवर होत असेल तर चांगल्या क्षमतेच्या पॉवर बँकवरही भागतं.

तिसरा गुण, दणके सोसण्याचा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि खराब रस्त्यावर ती दगावू शकते. पातळ यंत्रात एसएसडी असते, तिच्यात फिरणारा भागच नाही. झाकण उघडताच यंत्र जागं होतं, ते वेगळंच.

खर्चाची बाजू: उष्णता

प्रोसेसर काम करतो तेव्हा तापतो. ती उष्णता बाहेर काढायला धातूची पट्टी, पंखा आणि हवेला वाट लागते. पातळ कवचात या तिघांनाही जागा कमी. मग यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतं. म्हणजे दुकानातल्या दोन मिनिटांच्या चाचणीत जे यंत्र धावतं, तेच अर्ध्या तासाच्या जड कामात चालायला लागतं.

आता यात आपली हवा मिळवा. अनेक कंपन्या आपल्या कागदपत्रांत वापरासाठी भोवतालचं तापमान कमाल ३५ अंश लिहितात. जबलपूरचा मे महिना ४० च्या वर असतो. नागपूर, चंद्रपूर, अकोलावाल्यांना तर सांगायलाच नको. माझे व्हिडिओ जोडायचं काम थंडीत जेवढ्या वेळात होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ मे महिन्याच्या दुपारी लागतो. म्हणून उन्हाळ्यात मी ते काम पहाटे पाचला उरकतो.

खर्चाची बाजू: खाचा आणि कळफलक

एकदा कुंडम तालुक्यातल्या एका गावात पोहोचलो. पंच्याहत्तरीच्या एक वीरपत्नी शेतातलं काम टाकून आल्या होत्या. बोटाचा ठसा घेणारं यंत्र जुन्या, रुंद यूएसबीचं. माझ्या लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी. जोडणारा डोंगल घरी टेबलावर राहिलेला. त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं साहब, कल आ जाऊँगी." दोष त्यांचा नव्हता, फेरा मात्र त्यांना पडला. आता चेहऱ्यावरूनही मोबाइलवर दाखला निघतो, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. पातळ यंत्र घ्याल तर डोंगलची किंमत आणि त्याची आठवण, दोन्ही हिशेबात धरा.

कळफलकाचंही तसंच. कळ जितकी कमी दबते तितकी जाडी वाचते. ॲपलने २०१५ पासून अगदी उथळ कळा वापरल्या. धुळीच्या कणानेही त्या अडकू लागल्या आणि २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली. पुढे त्या कळा सोडून दिल्या. २०२१ मध्ये त्याच कंपनीने आपल्या मोठ्या कामाच्या लॅपटॉपला एचडीएमआय आणि कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच परत दिली. पातळपणाची हद्द खुद्द कंपनीलाही ओळखावी लागली.

सर्वांत मोठा खर्च: दुरुस्ती

आमच्या जबलपूरच्या वाहन निर्माणीत जोंगा नावाची गाडी बनायची. जड, खडखडाटी, तेल पिणारी. पण रस्त्यात बिघडली तर पाना आणि हातोडी घेऊन जवानच ती चालू करायचा. पातळ लॅपटॉप याच्या अगदी उलट. जागा वाचवण्यासाठी रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. काही यंत्रांत एसएसडीसुद्धा तशीच. बॅटरीही बहुधा चिकटवलेली, आणि ती जुनी होऊन फुगली की थेट टचपॅड वर उचलते. पुढे रॅम वाढवता येत नाही. एक चिप गेली की अख्खा बोर्ड बदला.

आता ती गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी १९७१ च्या लढाईतल्या एका वृद्ध हवालदारांची मुलाखत घेतली होती. सलग तीन बैठका. सोबत्यांची नावं घेताना त्यांचा आवाज बसायचा, मग ते पाणी प्यायचे आणि पुन्हा बोलायचे. ती चित्रफीत लॅपटॉपमध्ये उतरवली आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या कामाला घेतलं. पंधरा दिवसांत लॅपटॉपवर चहा सांडला आणि बोर्ड गेला. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडून दाखवलं. काढून दुसरीकडे लावावी अशी एसएसडी त्यात नव्हतीच. माहिती कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावर असते, असं त्याने समजावलं. जुन्या जाड यंत्रातून मी स्वतः दोन स्क्रू काढून डिस्क वाचवली असती.

हवालदारसाहेबांना पुन्हा बसवायचं ठरवलं होतं, पण त्याआधीच ते गेले. त्यांच्या मुलाने विचारलं, "बाबूजी का वीडियो?" मला उत्तर देता आलं नाही. चहा माझ्याच हातून सांडला आणि दुसरी प्रत ठेवली नाही तीही मीच. यंत्राचा दोष एवढाच की त्याने चुकीला दुसरी संधी ठेवली नव्हती.

मग घ्यावा की नाही?

रोजचा प्रवास, लिखाण, ईमेल, ऑनलाइन वर्ग, बँक आणि पेन्शनची कामं असतील, तर जरूर घ्या. वजन वाचतं ते दर दिवशी वाचतं. पण व्हिडिओ, थ्रीडी चित्रं, गेम किंवा इंजिनिअरिंगची जड सॉफ्टवेअर चालवायची असतील, तर थोडा जाड, नीट पंखे असलेला, दीड ते दोन किलोचा घ्या.

दुकानात पाच प्रश्न विचारा. रॅम सोल्डर केलेली आहे का? असेल तर आजच किमान १६ जीबीची घ्या, कारण उद्या वाढणार नाही. एसएसडी काढता येते का? बॅटरी बदलायला किती खर्च येतो आणि ती आपल्या शहरात बदलून मिळते का? खाचा किती आणि कुठल्या? पाणी सांडलं तर वॉरंटी काय म्हणते?

आणि यंत्र कुठलंही असो, महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवाच. मी आता मुलाखत संपली की चहाच्या आधी प्रत काढतो. दुसरी प्रत होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसत नाही.

बहिणीला मी सांगितलं, "ताई, तिचा कोर्स मेकॅनिकलचा आहे, थोडा जाडच घे. पाठीला भार होईल, पण चार वर्षं टिकेल." ती म्हणाली, "आणि तू?" मी म्हटलं, "मी आपला पातळच वापरतो. फक्त पिशवीत डोंगल आणि एक डिस्क वाढली आहे."

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.