पान हृदयाकृती, चव कडू: म्हणून ती गुळवेलच?

कोरोनाच्या काळात गुळवेलीचे दिवस पालटले. एरवी कुंपणावर, विजेच्या खांबावर, पडक्या भिंतीवर दुर्लक्षित पसरलेली ही वेल लोक काढ्यासाठी हातभर तोडून नेऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि वादाला तोंड फुटलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी. एक बाजू गुळवेलीला विषारी ठरवून मोकळी झाली, दुसरी 'ती गुळवेलच नव्हती' म्हणून. हातातली काडी नेमकी कशाची, हे ठरवायचं कसं, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. या बाबतीतल्या समजुती घट्ट आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

'हृदयाकृती पान आणि कडू चव, मग गुळवेलच'

हृदयाकृती पान ही गुळवेलीची खूण खरीच, पण ती तिच्या सगळ्या गोतावळ्याची खूण आहे. मेनिस्पर्मेसी या तिच्या कुळातल्या अनेक वेलींची पानं थोड्याफार फरकानं अशीच असतात. पहाडवेल त्यातलीच. सह्याद्रीत आणि कोकणात आढळणारी काकमारीही त्यातलीच, आणि तिच्या फळांचा उपयोग मासे भुलवून पकडण्यासाठी विष म्हणून होत आला आहे. नुसत्या पानावर भरवसा ठेवला तर केवढ्याला पडेल, ते यावरून समजावं.

मंत्रालयानं जिच्याकडे बोट दाखवलं ती टिनोस्पोरा क्रिस्पा. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दोघी सख्ख्या बहिणी. क्रिस्पा मूळची आग्नेय आशिया आणि ईशान्य भारताकडची, पण आता इतरत्रही लावलेली सापडते. तीही कडूच, किंबहुना जास्तच कडू, त्यामुळे चाखून काहीच ठरत नाही. अनोळखी वेल चाखून पाहण्याची सवय तशीही बरी नव्हे.

फरक बघायचा तो खोडावर, फुलावर आणि फळावर. गुळवेलीचं कोवळं खोड हिरवं आणि गुळगुळीत. जून झालं की वरची साल कागदासारखी पातळ सुटते आणि नखानं खरवडल्यावर आत हिरवा रंग दिसतो. क्रिस्पाचं खोड करडं, त्यावर जागोजाग बोथट गाठी, आणि साल सोलली की दुधाळ चीक. गुळवेलीला दुधाळ चीक नसतो. गुळवेलीच्या बारीक, पिवळट हिरव्या फुलात सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या फुलात तीन. गुळवेलीच्या फळांचा घोस गोल आणि लाल, क्रिस्पाचा लांबट आणि नारिंगी.

इथे एक अडचण आहे, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यांत ती हमखास गाळलेली असते. 'खोडावर उंचवटे दिसले की ती गुळवेल नव्हे' असं सरसकट सांगितलं जातं. पण आयुर्वेदिक फार्माकोपियातच, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातच, गुळवेलीच्या जुन्या खोडाचं वर्णन फिकट तपकिरी आणि चामखिळीसारखे उंचवटे असलेलं, असं आहे. हे उंचवटे म्हणजे वल्करंध्रं, सालीतून हवा आत-बाहेर जाण्याची गोल छिद्रं. भिंगातून पाहिलं तर वल्करंध्राच्या मध्यभागी फट दिसते. क्रिस्पाची गाठ ठसठशीत, भरीव आणि खोडभर दाट असते. नुसत्या डोळ्यांना दोन्ही 'खडबडीत'च वाटतं. फळाची खूण सर्वांत सोपी, पण गुळवेलीत नर आणि मादी वेल वेगवेगळी असते, म्हणून दारातल्या वेलीला कधी फळच धरलं नाही तर त्यावरून शंका घेण्याचं कारण नाही. सह्याद्रीत आणखी एक बहीण आहे, टिनोस्पोरा सायनेन्सिस. तिच्या पानांवर मऊ लव असते. गुळवेलीचं पान गुळगुळीत.

'कडुनिंबावर चढलेलीच खरी'

वेल कशावर चढली आहे, यावरून ती कोण हे ठरत नाही. क्रिस्पाला कडुनिंबावर चढायला कुणी मनाई केलेली नाही. गुळवेल बांडगूळही नव्हे. तिची मुळं जमिनीत असतात, आणि फांद्यांवरून लोंबणारी सुतळीसारखी मुळं तीही जमिनीच्याच शोधात खाली येतात. निंबावरची वेल अधिक गुणकारी असते का, हा वेगळा प्रश्न. ओळख पटवण्याच्या कामी निंबाचा काही उपयोग नाही.

'अशोक तर आमच्या सोसायटीतच आहे'

अशी गल्लत गुळवेलीपुरतीच नाही. पुण्या-मुंबईच्या इमारतींसमोर रांगेनं उभा असलेला, खांबासारखा सरळ वाढणारा तो अशोक औषधातला नव्हे. त्याची पानं सुटी, लांबट, लाटांसारख्या कडांची. त्याचं कुळ सीताफळाचं. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधात ज्याची साल पडायला हवी, तो सीता अशोक शेंगांच्या कुळातला आहे: संयुक्त पान, एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या, फांद्यांना बिलगून येणारे नारिंगी फुलांचे गुच्छ उमलल्यावर लालभडक होत जाणारे, आणि मग चपट्या शेंगा. गंमत म्हणजे या फुलाला पाकळ्या नसतातच. रंगीत दिसतात त्या निदलाच्या चार पाळ्या.

झाड समोर असताना ही गल्लत शाळकरी पोरगंही टाळेल. पण बाजारात झाड येत नाही, साल येते. फार्माकोपियातल्या वर्णनानुसार खऱ्या अशोकाची साल पन्हळीसारखी वळलेली असते, बाहेरून गोल वल्करंध्रं आणि आडवे कंगोरे असलेली, आतून तांबूस तपकिरी. मोडली की चिरफाळ्या निघतात आणि बाहेरच्या थराखाली एक पातळ, अखंड, पांढुरकी रेघ दिसते. चव तुरट. ही रेघ बघायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि धारदार ब्लेड पुरतं. दुकानात उभं राहून हे कुणी करत नाही, हा भाग वेगळा.

'पूड झाली की ओळख संपली'

उलट, सूक्ष्मदर्शकाचं काम इथून सुरू होतं. वनस्पती वाळली, कुटली, वस्त्रगाळ केली तरी तिच्या पेशींच्या भिंती, तंतू, स्फटिक आणि स्टार्चचे कण बरेचसे तसेच राहतात. १८५७ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ माथियास श्लायडेन यांनी अमेरिका खंडातून येणाऱ्या सार्सापरिला या औषधी वेलीच्या मुळांचे छेद घेऊन, आतल्या एका पेशीथराच्या रूपावरून त्यांचे प्रकार वेगळे करता येतात, हे दाखवलं. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात काढलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'त अनेक देशी औषधांच्या व्यापाराची माहिती आणि त्यांच्या आतल्या रचनेचं वर्णन शेजारी शेजारी आहे. तेव्हा हे सगळं कालपरवा निघालेलं नाही.

गुळवेलीचंच पाहू. खोडाचा आडवा छेद घेतला की मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रुंद पट्ट्या दिसतात, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. पाचरीच्या आकाराचे दहा-बारा किंवा त्याहून अधिक काष्ठाचे तुकडे आणि त्यांच्यामध्ये हे रुंद मज्जाकिरण. पण या चाकावर भाळून जाऊ नये. रुंद मज्जाकिरण या कुळातल्या वेलींत सर्रास असतात, क्रिस्पातही. चाक दिसलं तर नात्यातली वेल आहे एवढं कळतं. चाक नसेल तर ती गुळवेल नाही, हे मात्र खात्रीनं सांगता येतं. औषधं ओळखण्याच्या कामात अशा नकारी खुणांचं मोल मोठं असतं.

बाहेरून आत जाताना आधी बुचाचा थर, मग स्टार्चनं भरलेल्या पेशी, मग टोकदार तंतूंचे पुंजके आणि त्यांना लागून कप्प्याकप्प्यांच्या पेशींच्या माळा. प्रत्येक कप्प्यात कॅल्शियम ऑक्झलेटचा एकेक लोलकासारखा स्फटिक. पूड केली तरी या माळांचे तुकडे सापडतात. नीट दिसावं म्हणून आधी क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळून पूड पारदर्शक करतात. फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की काष्ठमय तंतू गुलाबी-लाल होतात. स्फटिक ऑक्झलेटचा की कार्बोनेटचा, ही शंका असेल तर ॲसेटिक आम्लाचा थेंब सोडायचा: कार्बोनेट फसफसून विरघळतो, ऑक्झलेट ढिम्म राहतो. अशोकाच्या सालीत दगडी पेशींचे थर आणि पुंजके शोधायचे असतात. तिच्या नावानं आलेल्या पुडीत ते कुठेच दिसेनात, तर ती पूड परत पाठवलेली बरी.

'सत्व आयोडिननं निळं झालं, म्हणजे भेसळ'

गुळवेल सत्वावर आयोडिनचा थेंब टाकून ते निळं-जांभळं झालं की 'बघा, पीठ मिसळलंय' असं दाखवणारे लोक भेटतात. ते साफ चूक आहे, कारण गुळवेल सत्व म्हणजे मुळात गुळवेलीच्या खोडातला स्टार्चच. ओलं खोड ठेचून पाण्यात कोळायचं, गाळायचं, तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. तो निळा झाला नाही तरच काळजी करावी.

खरा प्रश्न आहे स्टार्च कुणाचा, आणि याचं उत्तर आयोडिन देत नाही, कणाचा आकार देतो. गुळवेलीचे कण लहान, अंडाकृती, साधारण ५ ते ११ मायक्रोमीटरचे. बटाट्याच्या स्टार्चचे कण शिंपल्याच्या घडणीचे आणि १०० मायक्रोमीटरपर्यंत मोठे. काचपट्टीवर एक नजर पुरते. मक्याचे कण बहुकोनी, मधोमध चीर असलेले. साबुदाण्याच्या कंदाचे एका बाजूनं कापल्यासारखे. तांदळाचे मात्र गुळवेलीच्याच मापाचे, आणि तिथे कोपरे टोकदार आहेत की गोलसर, हे निरखावं लागतं. भेसळ करणाऱ्याला वनस्पतिशास्त्र येत असेल तर तो तांदूळच निवडेल.

'सूक्ष्मदर्शकाला भेसळ दिसते, मोजता येत नाही'

मोजता येते, आणि त्याची युक्ती फार सुंदर आहे. लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू जवळपास एकाच मापाचे असतात, आणि एका मिलिग्रॅममध्ये ते सरासरी ९४,००० भरतात. इंग्लंडमधले टी. ई. वॉलिस यांनी हाच आकडा मापासारखा वापरला. संशयित पूड आणि बीजाणू ठरावीक वजनानं एकत्र करायचे, काचपट्टीवर दोन्ही मोजायचे आणि त्रैराशिक मांडायचं.

पानांची ओळखही मोजणीवर नेता येते. सोनामुखीच्या दोन जाती व्यापारात आहेत, तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नावानं ओळखली जाणारी आणि अलेक्झांड्रियाच्या नावाची. सालटीवरच्या एकूण पेशींत पर्णरंध्रं शेकडा किती, याला पर्णरंध्र निर्देशांक म्हणतात. तो तिरुनेलवेलीच्या पानात १७ ते २० येतो, अलेक्झांड्रियाच्या पानात १० ते १५. पान लहान असो की मोठं, हे प्रमाण फारसं हलत नाही.

'आता डीएनए आहे, जुन्या पद्धती मोडीत काढा'

क्रिस्पा आणि कॉर्डिफोलिया यांच्यासारख्या बहिणींत निवाडा करायला डीएनए खरंच उपयोगी आहे. पण तो झाडाची जात सांगतो, भाग सांगत नाही. गुळवेलीचं खोड औषधात घ्यायचं आणि कुणी स्वस्तात पानं कुटून दिली, तर डीएनएच्या लेखी दोन्ही गुळवेलच. सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं दिसली की पान पकडलं जातं. काढे, आसवं, अर्क यांत डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात आणि पेशीही उरत नाहीत. तिथे दोन्ही पद्धती हात टेकतात आणि रासायनिक तपासणीकडे जावं लागतं.

'ओळख पटली, म्हणजे निर्धास्त घ्यावं'

मला हा सगळ्यात धोक्याचा गैरसमज वाटतो, कारण तो जाणत्या लोकांत आढळतो. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून गुळवेलीशी संबंधित यकृताच्या इजेच्या ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. अनेकांच्या यकृतात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यासारखी चिन्हं होती. 'ती गुळवेलच नव्हती' हे उत्तर प्रत्येक वेळी पुरेल असं मानणं सोयीचं आहे, शास्त्रीय नाही. खोडाचा छेद वेल कोणती ते सांगतो. ती कुणी, किती आणि किती दिवस घ्यावी, हे त्या काचपट्टीवर कुठेच लिहिलेलं नसतं. यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असलेल्यांनी हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायला हवा.

'फोटो पाठवला की झालं'

फोनमधलं ॲप पानाचा आकार बघतं, आणि पानाचा आकारच इथे सर्वांत फसवा आहे. चीक, लव, सालीखालचा रंग, छेदातल्या आऱ्या यांपैकी काहीही वरवरच्या फोटोत उतरत नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, अशा ठिकाणी नमुन्याची ओळख पटवणारे तज्ज्ञ असतात. जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभागही पुष्कळदा मदत करतो. जाताना पुडी नेऊ नये. पेरासकट वीतभर खोड, त्यात कोवळा आणि जून असे दोन्ही भाग, देठासह चार पानं, आणि हंगाम असेल तर फूल किंवा फळ, एवढं वर्तमानपत्राच्या घडीत दाबून न्यावं. कुठून तोडलं आणि कधी, ते त्याच कागदाच्या कडेला लिहून ठेवावं.