'गामात्ल': एका विशेषणाचा मागोवा

नवव्या शतकात नॉर्वेकडचे लोक आधी फेरो बेटांवर आणि मग आइसलँडवर जाऊन राहिले. 'जुना', 'म्हातारा' या अर्थाचं एक विशेषण त्यांच्या बोलीबरोबर गेलं. आज आइसलँडमध्ये ते 'गामात्ल' असं ऐकू येतं, फेरोमध्ये 'गेआमाल'. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातही त्याचं भावंड आहे. इंग्रजीने पुढे ते टाकलं, उत्तरेकडच्यांनी सांभाळलं.

जुना, जुनी, जुनं तशी इथेही तीन लिंगं. पण खरी मौज स्त्रीलिंगात आहे. फेरोमध्ये म्हातारी बाई 'गोमुल', आणि नपुंसकलिंगी अनेकवचनातली जुनी घरंही 'गोमुल'च. हा 'ओ' आला कुठून? फार पूर्वी या दोन्ही रूपांच्या शेवटी 'उ' होता. तो यायच्या आधीच बोलणाऱ्याचे ओठ गोल होत आणि अलीकडचा स्वर बदले. कालांतराने 'उ' गळाला. त्याने केलेला बदल मात्र टिकला. आइसलँडिकमध्येही हेच घडलं, फक्त तिथला स्वर आता ओठ गोल करून म्हटलेल्या 'ए'सारखा आहे. 'त्याहून म्हातारा' म्हणायचं झालं की दोन्ही भाषा हे मूळ सोडून 'एल्द्री' म्हणतात. तो धातू इंग्रजी 'ओल्ड'चा.

अशा स्वरबदलांचा उलगडा करणाऱ्यांत रास्मुस रास्क हा डॅनिश पंडित अग्रणी. 1811 मध्ये त्याचं आइसलँडिकचं व्याकरण निघालं आणि त्यात फेरोच्या भाषेला, म्हणजे फेरोईजलाही जागा मिळाली. हाच रास्क 1820 मध्ये मुंबईत आला, पारशांकडून अवेस्ता शिकला आणि हस्तलिखितं कोपनहेगनला घेऊन गेला.

आइसलँडिक बाराव्या शतकापासून अखंड लिहिली गेली. 1540 मध्ये नवा करार त्या भाषेत छापून आला. म्हणून तिथे विशेषणाच्या चारही विभक्ती शाबूत आहेत. फेरोमध्ये धर्मसुधारणेनंतर चर्च आणि कचेरी डॅनिशच्या हाती गेली. फेरोईज घराघरांत आणि फेर धरून म्हटल्या जाणाऱ्या पोवाड्यांत जगली, आणि विशेषणाची षष्ठी बोलण्यातून जवळपास नाहीशी झाली. 1846 मध्ये फेरोचे भाषाअभ्यासक हामर्सहाइम्ब यांनी फेरोईजची लेखनपद्धती बसवली ती उच्चारावर नव्हे, जुन्या मुळांवर. मुलांना ती जड जाते हे खरं, तरी मला हा निर्णय योग्यच वाटतो. त्यामुळे फेरोच्या वाचकाला आइसलँडिक पान परकं वाटत नाही. उदाहरणार्थ, या विशेषणाच्या चतुर्थीच्या अनेकवचनात बहुतेक बेटांवर 'गोमलुन' म्हणतात, पण लिहिताना शेवटी 'म'च लिहितात.