प्लगचे आटे गेले, म्हणजे इंजिन गेले नव्हे



उसाची बाळबांधणी जवळ आली, की पॉवर वीडर आणि फवारणीचा पेट्रोल पंप ही छोटी इंजिने कोपऱ्यातून बाहेर निघतात. त्यांचा एक नेहमीचा आजार म्हणजे स्पार्क प्लगचे आटे जाणे.

मागच्या बांधणीला हा प्रकार माझ्याच हातून घडला. इंजिन तापलेले असतानाच घाईने प्लग काढला, पुसला आणि बोटांनी न धरता एकदम पान्ह्यानेच आवळला. पहिल्याच वेढ्याला जड जात होता. म्हटले, जरा जोर लावू. जोर लावला आणि पान्हा एकाएकी हलका झाला! मोरगावला फिटरकडे नेले, तर तो म्हणाला, "आण्णा, प्लग लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तुमचा जोर कुणावर चालणार?"

सगळे कारण यात आले. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गरम हेडात आवळलेला प्लग थंड झाल्यावर करकचून धरला जातो आणि पुढच्या वेळी आटे घेऊनच बाहेर येतो. वाकडा बसला तर नवीनच आटे कापत जातो.

ओळखायचे कसे? प्लग कितीही फिरवला तरी आवळत नाही. इंजिन चालताना प्लगाशी फस्स आवाज येतो, भोवती काळे तेल जमते, ताकद कमी पडते. काढलेल्या प्लगाच्या आट्यांत पांढरी तार अडकलेली दिसते. अशा वेळी कुणी दोरा गुंडाळतो, कुणी चिकट लुकण भरतो. असले उपाय करू नयेत. प्लग आपली उष्णता आट्यांतून आणि वायसरातून हेडाला देतो. मध्ये दोरा आला की प्लग तापतो. शिवाय आत स्फोटाचा दाब असतो. सैल प्लग गोळीसारखा उडून जवळच्या माणसाला लागू शकतो.

दुरुस्तीचे तीन प्रकार आहेत.

१) पहिला एखादा आटाच चेपला असेल तर त्याच मापाचा टॅप हाताने सरळ फिरवून आटे साफ करावेत. पुष्कळ इंजिनांना १४ मि.मी. व्यासाचा, १.२५ मि.मी. पिचचा प्लग असतो. काही लहान फोर-स्ट्रोक इंजिनांना १० मि.मी.चा असतो. जुना प्लग सोबत नेऊन माप जुळवावे.

२) आटे पार गेले असतील तर हेलिकॉइल बसवावी. ही स्टेनलेस पोलादाच्या तारेची स्प्रिंग असते. खास टॅपने भोक मोठे करून नवे आटे पाडतात, त्यात ही स्प्रिंग फिरवून बसवतात. तिच्या आतले आटे मूळ मापाचेच राहतात. नीट बसली तर हे पोलादी आटे पूर्वीच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतात.

३) भोक फारच मोठे झाले असेल तर लेथवर बुश करून बसवावा लागतो. हेडाला तडा असेल तर मात्र हेड बदलणे बरे.

काम फिटरच करणार, पण आपण समोर उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. हेड उतरवूनच काम व्हावे. ॲल्युमिनियमचा चुरा सिलिंडरमध्ये पडला तर पिस्टन आणि रिंगा खरवडतात, आणि थोडक्यातले काम मोठ्या खर्चाचे होते. फवारणी पंपाच्या पुष्कळ टू-स्ट्रोक इंजिनांत हेड व सिलिंडर एकसंध असतात. तिथे सिलिंडरच उतरवावा. दुसरे, टॅप काटकोनात सरळ जावा. तिसरे, हेलिकॉइलची लांबी प्लगाच्या आट्यांना जुळावी (अर्धा इंच किंवा पाऊण इंच ही नेहमीची मापे) आणि ती वरच्या कडेपासून पाव-अर्धा वेढा आत असावी. तिचे खालचे शेपूट मोडून बाहेर काढल्याचे डोळ्यांनी बघावे. हेड परत बसवताना गॅस्केट नवे घालावे.

आता पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून:

• इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लग काढू किंवा आवळू नये.
• काढण्याआधी भोवतालची माती फुंकून, पुसून घ्यावी.
• प्लगाच्या वरच्या टोकाला पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घालून त्यानेच प्लग फिरवावा. प्लग वाकडा गेला तर नळीच घसरते, आटे वाचतात.
• वायसर टेकेपर्यंत हातानेच बसवावा. नंतर पान्ह्याने नवा प्लग अर्धा वेढा, जुना प्लग १/८ ते १/४ वेढा आवळावा. वायसर नसलेल्या उतरत्या बैठकीच्या प्लगाला १/१६ वेढा पुरे.

माझे दोन दिवस बांधणीचे गेले, वाफसा निघून गेला तो वेगळाच. तेव्हापासून नळीचा तुकडा वीडरच्या हँडललाच बांधून ठेवला आहे. आपणही आजच एक तुकडा कापून पान्ह्याबरोबर ठेवावा, ही विनंती.