पुरुषांच्या पंक्तीत गिरगावची रोहिणी

गिरगावचे खाडिलकर म्हटले की वाचकांना 'नवाकाळ' आठवतो आणि नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर आठवतात. पण याच घरातल्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींनी नाव काढले ते बुद्धिबळात. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथमच भरली, ती वासंतीने जिंकली.

रोहिणी धाकटी. १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, ही पोर चक्क पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली आणि एकच गहजब उडाला! प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेले. स्कीवरून उंच उडी घेण्याच्या खेळात ऑलिंपिकनेही बायकांना २०१४ पर्यंत दार उघडले नव्हते. पण तिथे निदान शरीराला झेपणार नाही, ही सबब तरी होती. इथे तर बसल्या जागी प्यादी सरकवायची! निकाल रोहिणीच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूवे यांनीही सांगून टाकले, की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद रोहिणीने पाच वेळा मिळवले, १९८१ मध्ये आशियाईही. पुढे याच रोहिणीबाई 'संध्याकाळ' दैनिकाच्या संपादिका झाल्या.